रतामाच्या झुडपाखाली

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८

कर्मेल डोंगरावर विजय मिळवणारा एलीया संदेष्टा पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. पवित्र शास्त्राने आपल्या थोर सेवकाच्या मनाचा अंधार लपवला नाही. मग आपण मंडळीत तो का लपवावा?

दुःख वेगळे आणि नैराश्याचा आजार वेगळा. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, तर मन खचते. पण चार माणसे भेटली की थोडे सावरते. मात्र उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे टिकले तर सावध व्हावे. सोबत पुढील चिन्हे पाहावीत :

१. झोप उडणे किंवा फार झोप येणे.
२. भूक व वजन यांत बदल.
३. श्रमाविना थकवा, कामात लक्ष न लागणे.
४. स्वतःला निकामी वा दोषी समजणे.
५. मरणाचे विचार.

ही चिन्हे पुष्कळदा वेश पालटून येतात. एखादा पुरुष चिडचिडा होतो किंवा दारूकडे वळतो. संडेस्कूलमधले मूल वारंवार पोटदुखी सांगते. वृद्ध माणूस विसरू लागतो. हैदराबादेत आप्तांपासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तर हे ओळखणारे शेजारीही थोडेच. स्वतःविषयी म्हणाल तर, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून आपण स्वतःलाच पापी ठरवत राहतो. तेही आजाराचे चिन्ह असू शकते.

देव एलीयाशी कसा वागला? दूताने त्याला बोल लावला नाही. त्याला झोप मिळाली, भाकर व पाणी मिळाले, तेही दोनदा. पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे, हे दूताने ओळखले. म्हणून "तुझा विश्वास कमी पडला" हे शब्द आपल्या ओठी येऊ नयेत. आपण प्रार्थना करू, आणि दवाखान्यापर्यंत सोबतही जाऊ.

एकांतात भेटून विचारावे व ऐकावे. "जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, औषधे व विषारी वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. थायरॉइडच्या विकारानेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी हवीच. हैदराबादेत एर्रगड्डा येथे मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य चालतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. दूताने एलीयाला प्रथम काय दिले? उपदेश का केला नाही?
२. गेल्या महिन्याभरात उपासनेस येईनासे झालेले कोण आहेत? त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?