भुशाला विरजण : भुंग्याच्या अळीसाठी आंबवलेला भुसा तयार करताना



परिसर अभ्यासात आपण फुलपाखराचं जीवनचक्र शिकवतो. फळ्यावर गोल काढायचा, चार बाण काढायचे, अंडी-अळी-कोश-फुलपाखरू लिहायचं की पाठ संपला. गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाने हेच चक्र भुंग्याचं पाहिलं. त्याला पाच महिने लागले. अळी सांभाळणं फार अवघड नव्हतं, तिचं जेवण तयार करणं अवघड होतं. त्यात माझी एक चूक झाली आणि तीन अळ्या मेल्या. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

ही पद्धत कुठली?

ही पद्धत जपानची. तिथे भुंगे पाळणं हा मुलांचा अगदी नेहमीचा छंद आहे. सगळ्यात लाडका भुंगा म्हणजे काबुतोमुशी. काबुतो म्हणजे सामुराई योद्ध्याचं शिरस्त्राण आणि मुशी म्हणजे किडा. नराच्या डोक्यावरचं शिंग पाहिलं की हे नाव का पडलं ते कळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओकच्या झाडातून पाझरणारा रस प्यायला हे भुंगे रात्री येतात, आणि त्यांच्या शोधात मुलं घरातल्या मोठ्यांना घेऊन निघतात.

काबुतोमुशीची मादी उन्हाळ्यात कुजलेल्या पाल्यात अंडी घालते. अळी तो पाला आणि कुजलेलं लाकूड खात हिवाळा काढते आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोशात जाते. घरी अळी वाढवायची, तर तिला जंगलातलं हे कुजलेलं लाकूड द्यायला हवं. म्हणून तिथल्या दुकानांत ‘हाक्को मात्तो’ नावाने भुशाच्या पिशव्या मिळतात. हाक्को म्हणजे आंबवणं. शिताके अळिंबी ज्या ओंडक्यांवर पिकवतात, ते निकामी झाल्यावर दळून त्यांचाही असा भुसा करतात. बरेच हौशी लोक तो घरीच आंबवतात.

आपल्याकडे कोकणात नारळाच्या बागांतला गेंड्या भुंगा हा काबुतोमुशीच्या उपकुळातलाच. त्याची अळी शेणखताच्या ढिगात किंवा कुजलेल्या माडाच्या खोडात सापडते. जाडजूड, पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली. म्हणून मला वाटलं, तीच रीत आपल्या अळीलाही चालेल. आणि चालली.

भुसा आंबवायचा कशाला?

मुलांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी म्हटलं, “तुम्ही कच्चे तांदूळ खाता का?” अळीला ताजा भुसा तसाच. लाकडात कर्ब भरपूर, पण नत्र अगदी कमी. आधी बुरशी आणि जिवाणू त्या लाकडावर बसतात, त्याचे घट्ट धागे सैल करतात आणि स्वतःही वाढतात. मग अळी तो भुसा खाते आणि त्यासोबत ते सूक्ष्मजीवही खाते. म्हणजे अळीचा स्वयंपाक दुसरेच कोणीतरी करतात. आपण फक्त त्या आचाऱ्यांना शिधा द्यायचा. कणीक म्हणजे तो शिधा, कारण तिच्यात नत्र असतं.

साहित्य

- कोरडा लाकडाचा भुसा, ५ किलो
- कणीक किंवा गव्हाचा कोंडा, ५०० ग्रॅम (दहाला एक. गुणोत्तराचा पाठ इथेच घ्या.)
- जुन्या झाडाखालचा कुजलेला पाला, दोन ओंजळी. हे आपलं विरजण.
- क्लोरीन नसलेलं पाणी. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं.
- मोठा टब किंवा पिंप आणि झाकायला गोणपाट
- प्रयोगशाळेतला तापमापक. ताप मोजायचा तापमापक चालणार नाही, तो ४२ अंशांपर्यंतच दाखवतो.

भुसा वखारीतून आणताना लाकूड कोणतं ते विचारून घ्या. आम्ही आंब्याचा आणला. सागाचा घेऊ नका. साग सहजी कुजत नाही, म्हणून तर त्याची दारं-खिडक्या करतात. पाइन, देवदार यांत राळ असते, तेही नको. प्लायवूडच्या भुशात डिंक आणि रसायनं असतात, तो तर मुळीच नको.

कृती

१. भुसा आणि कणीक कोरडीच एकत्र करा. नाकातोंडाला रुमाल बांधा. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना नोंदी ठेवायचं काम द्या, ढवळायला लावू नका.

२. विरजण मिसळा.

३. पाणी थोडं थोडं घाला. आम्हाला सुमारे पाच लिटर लागलं, पण आकड्यावर जाऊ नका. मुठीत दाबल्यावर लाडू व्हायला हवा, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

४. टबमध्ये भरा, वर गोणपाट टाका आणि टब सावलीत ठेवा.

५. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी तळापासून ढवळा. नंतर आठवड्यातून एकदा पुरे.

इडलीच्या पिठाचं उदाहरण मुलांना लगेच कळतं, पण एक फरक सांगा. इडलीचं पीठ आपण झाकून ठेवतो आणि हलवत नाही. इथे हवा लागते. हवा मिळाली नाही तर भुसा आंबूस, कुबट वास मारतो. तसं झालं तर घाबरू नका, पसरून हवा द्या आणि पुन्हा भरा.

तापमानाची गंमत

दुसऱ्याच दिवशी मुलं ओरडत आली, “बाई, भुशाला ताप आलाय!” ढिगात हात घातला तर खरंच गरम. सूक्ष्मजीव खातात, वाढतात, तेव्हा उष्णता बाहेर पडते. आमच्या नोंदी अशा :

पहिला दिवस : २८ अंश
तिसरा दिवस : ४६ अंश
पाचवा दिवस : ५३ अंश
आठवा दिवस, ढवळण्याआधी : ४१ अंश
नववा दिवस, ढवळल्यानंतर : ४९ अंश

शेवटच्या दोन ओळी नीट वाचा. थंड होत आलेला भुसा ढवळल्यावर पुन्हा तापला, कारण त्याला नवी हवा मिळाली. ही नोंद मुलांनी वहीत लिहिली होती, मीच नीट वाचली नाही.

माझी चूक

तेराव्या दिवशी मी वरवर तापमान घेतलं. ३१ अंश. शाळेत पाहुणे येणार होते आणि भुंग्याचा प्रकल्प दाखवावा अशी मला हौस. शनिवारी भुसा उकरून बादलीत भरला, शेणखतात सापडलेल्या पाच अळ्या ठेवल्या आणि घट्ट झाकण लावलं.

सोमवारी झाकण काढलं. दोन अळ्या अगदी वर येऊन पडल्या होत्या, मलूल. तीन आतच मेल्या होत्या. बादलीच्या मध्यभागी तापमान ४४ अंश. भरताना भुसा हलला, तो पुन्हा तापला, आणि झाकणामुळे आतली हवाही संपली.

एका मुलीने विचारलं, “बाई, आपण मारल्या का त्यांना?”

मी म्हटलं, “हो. मी घाई केली.” दुसरं काय सांगणार? त्या दिवशी वहीत मुलांनी तारखेखाली लिहिलं : ‘भुसा तयार नव्हता.’ पाहुण्यांना आम्ही तेच पान दाखवलं.

उरलेल्या दोन अळ्या जुन्या शेणखतात ठेवल्या आणि भुसा पुन्हा टबमध्ये भरून वाट पाहिली.

भुसा तयार झाला, हे कसं ओळखायचं?

आता आमच्या वर्गाचा नियम असा आहे. भुसा ढवळायचा, तीन दिवस थांबायचं, आणि *मधोमध* तापमान घ्यायचं. ते बाहेरच्या हवेइतकंच असेल तरच तो तयार. शिवाय रंग पिवळटाचा गडद तपकिरी झालेला असतो आणि वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा येतो. आंबट वास येत असेल तर अजून थांबा. आम्हाला सहा आठवडे लागले. तुमच्याकडे थंडी असेल तर जास्त लागतील.

तरीही सगळ्या अळ्या एकदम ठेवू नका. आधी एकच ठेवा. ती खाली शिरली आणि दुसऱ्या दिवशी वर आली नाही, तर भुसा तिला मानवला.

अळी ठेवल्यानंतर

प्रत्येक अळीला स्वतंत्र डबा, झाकणाला भोकं, निदान सहा इंच भुसा. वरचा थर सुकला की पाणी शिंपडा. भुशात काळ्या लेंड्या जास्त दिसायला लागल्या की चाळून नवा भुसा घाला. चाळलेल्या लेंड्या शाळेच्या परसबागेत टाका, उत्तम खत आहे. फेब्रुवारीच्या शेवटी अळ्यांनी भुशात घट्ट कोठड्या केल्या आणि त्या कोशात गेल्या. त्यानंतर डबा हलवायचा नाही, उकरायचं नाही. ही शिस्त मुलांपेक्षा मलाच जड गेली. मार्चच्या शेवटी दोन काळे, शिंगवाले भुंगे बाहेर आले.

आणि मग खरा प्रश्न आला

ज्याच्या घरी माडांची बाग आहे, तो मुलगा म्हणाला, “बाई, हा सोडला तर आमच्या माडाचा कोंब पोखरेल. बाबा याला तारेने ओढून काढतात.”

खरं आहे. अळी कुजलेलं खाते, ती माडाचं काही बिघडवत नाही. पण मोठा भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो. वर्गात अर्धा तास वाद झाला. सोडून द्यायचे, की मारायचे? शेवटी ठरलं की सोडायचे नाहीत. वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे, म्हणजे अंडी होणार नाहीत, आणि पिकलेलं केळं द्यायचं. मे महिन्यात ते माझ्या घरी होते. एक जूनमध्ये मेला, दुसरा जुलैमध्ये. दोन्ही आता वर्गाच्या संग्रहात आहेत.

तुम्ही हा उपक्रम करणार असाल तर हा निर्णय आधीच घ्या. आणि परदेशी भुंगे मागवण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्या उकिरड्यात भरपूर आहेत.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

- ५ किलो भुशाला ५०० ग्रॅम कणीक, तर ८ किलोला किती?
- ढवळल्यावर भुसा पुन्हा का तापला?
- इडलीचं पीठ आणि आपला भुसा यांत कोणतं साम्य, कोणता फरक?
- जंगलात पडलेली लाकडं कुजलीच नाहीत तर काय होईल?

पालकांनो, घरी करायचा असेल तर निम्म्या मापाने करा, पण त्याहून कमी नको. ढीग फार लहान असला की तो तापत नाही. आणि मूल रोज विचारेल, “झाला का तयार?” त्याच्या हातात तापमापक द्या आणि म्हणा, “तूच बघ. मधोमध.”

तुमचे अनुभव नक्की कळवा. चुकलेलेही.