कीर्तिमुख : देवद्वारीचे मुख

अनेक प्राचीन मंदिरांच्या उंबरठ्यावर वटारलेल्या डोळ्यांचे, विशाल जबड्याचे एक मुख कोरलेले असते. पुष्कळ भाविक त्यास राक्षस समजून घाईने ओलांडतात. ते कीर्तिमुख होय.

स्कंदपुराणातील कथा अशी : जालंधर दैत्याने राहूस दूत म्हणून धाडून शिवाकडे पार्वतीची मागणी केली. तेव्हा शिवाच्या भ्रूमध्यातून एक भयंकर पुरुष प्रकटला व राहूस खाण्यास धावला. राहू शरण आला. दूत अवध्य, म्हणून शिवाने त्यास सोडविले. क्षुधेने व्याकुळ झालेल्या त्या पुरुषाने भक्ष्य मागताच, स्वतःचेच हातपाय खाण्याची आज्ञा झाली. त्याने ती अक्षरशः पाळली. केवळ मस्तक उरले! प्रसन्न शिवाने त्यास कीर्तिमुख हे नाव व आपल्या द्वारी अखंड स्थान दिले. त्यास न पूजणाऱ्याची शिवपूजा व्यर्थ ठरेल, असेही सांगितले.

चीनमधील शांगकालीन कांस्यपात्रांवरील 'थाओथिए' हाही धड नसलेला खादाड प्राणी. साम्य विलक्षण, परंतु दोहोंचा संबंध सिद्ध झालेला नाही. जावा बेटाचे तसे नाही. तेथे भारतीय परंपरेतूनच हे मुख पोहोचले व 'काल' म्हणून ओळखले जाते. ९ व्या शतकातील बोरोबुदूर येथे ते कमानींच्या माथ्यावर आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा पायाशी.