फी कुणाच्या पगारातून?

सांगली,
12 ऑक्टोबर 2025

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

काल वहिनींचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, मुग्धा नोकरी सोडतेय, पाळणाघराच्या फीतच तिचा सगळा पगार जाणार. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

खरं आहे का हे? आणि फी तुझ्याच पगारातून का वजा केलीस? ओम काय तुझ्या एकटीचा आहे?

समीरला शेजारी बसवून तिथले नियम वाचून घेतले. इंग्लंडात आईवडील दोघंही कमावते असले, तर बाळाला नऊ महिने झाल्यावर पुढच्या सत्रापासून आठवड्याचे 30 तास सरकार भरतं, वर्षातले 38 आठवडे. गेल्या महिन्यापासूनच हे सुरू झालंय. जेवणाखाण्याचे पैसे पाळणाघरं वेगळे मागू शकतात, ते धर. उरलेल्या फीसाठी सरकारी खातं उघडायचं. तुम्ही 8 पौंड भरलेत की सरकार 2 घालतं, तिमाहीला 500 पर्यंत. ओम नोव्हेंबरात नऊ महिन्यांचा होतो, म्हणजे अर्ज 31 डिसेंबरच्या आत. दर तीन महिन्यांनी माहिती पुन्हा कळवायची असते, ते निखिलकडे सोपव. तुम्हाला कायम राहण्याचा परवाना मिळालाय, तेव्हा तीही अडचण नाही. पण तू घरी बसलीस की हे दोन्ही जातं. हे धरलं होतंस हिशेबात?

1986 साली मीही असाच कागद घेऊन बसले होते. माझ्या पगारातून फी, रिक्षा, समीरची औषधं वजा केली. खाली उरले ते पैसे बघून राजीनामा लिहिला. यांच्या पगाराचा आकडा त्या कागदावर नव्हताच. समीर दोन वर्षांनी बालवाडीत जाऊ लागला, पण पुन्हा नोकरी मिळाली नाही. टाइपरायटरचा आवाज ऐकला की अजून माझी बोटं हलतात. हे मी दादालाही कधी सांगितलं नाही.

रागावून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. ओमला सोडून जायचं म्हणून तुझा जीव तुटत असेल आणि फीचं निमित्त सांगत असशील, तर तसं सांग. मी एक शब्द बोलणार नाही.

पहिले काही दिवस तो रडेल. त्याला सोडून तू बाहेर आलीस की मला फोन कर. जानेवारीत तुझे सकाळचे साडेआठ म्हणजे आमचे दुपारचे दोन. मी आडवी होणार नाही, फोनपाशीच बसेन.

तुझी,
आत्या