हौदाच्या भिंतीवरील चतुर

मोशी, चिखली, चाकण या बाजूच्या शेतांवर जनावरांसाठी बांधलेल्या सिमेंटच्या हौदापाशी गेले असता भिंतीवरून एक करडा कीटक एकाएकी उडतो, दोन घिरट्या घेतो व पुन्हा भिंतीवर येऊन बसतो. बसताक्षणीच तो दिसेनासा होतो. हा चतुर होय. शास्त्रीय परिभाषेत यास ब्रॅडिनोपायगा जेमिनॅटा म्हणतात. रांबूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले.

याचे अंग राखी असून त्यावर काळे-पांढरे ठिपके असतात. पंख पारदर्शक असतात. पंखाच्या टोकाजवळचा लहान डाग मध्ये काळसर व दोन्ही कडांस पांढरा असतो. ही खूण पक्की समजावी. पुष्कळ चतुरांत नर रंगीत व मादी फिकी असते, येथे मात्र दोघे सारखेच दिसतात.

हा मूळचा कातळावरचा रहिवासी. पावसाळ्यात खडकांच्या खळग्यांत साठणाऱ्या पाण्यात मादी अंडी घालते. भंडारा व भामचंद्र डोंगरांचा किंवा मोशीच्या दगडखाणींचा काळा पाषाण पाहिला म्हणजे त्याच्या रंगाचे मर्म उमगते. पिंपरीस १९५४ मध्ये पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, पुढे भोसरी व चाकण येथे औद्योगिक वसाहती वसल्या, आणि सिमेंटच्या भिंती, टाक्या व हौद यांची संख्या वाढली. चतुराच्या दृष्टीने हा सारा कातळच. तेव्हा हा चतुर दिसला म्हणून जवळची नदी निर्मळ आहे असे मानू नये. पवना व इंद्रायणी यांच्या दूषित पाण्याशी त्याला फारसे कर्तव्य नाही. त्याचा संसार हौदात चालतो.

हौद उपसताना तळाच्या गाळात मळकट रंगाची, सहा पायांची, आखूड व रुंद अंगाची पिल्ले सापडतात. ती पिकास किंवा जनावरास अपायकारक असावीत या समजुतीने पुष्कळदा बाहेर फेकली जातात. वस्तुतः ती याच चतुराची पिल्ले होत. त्यांच्या डोक्याखाली घडी केलेला लांब ओठ असतो. भक्ष्य जवळ येताच तो झटकन पुढे फेकून ती डासाची अळी पकडतात. पीक ती मुळीच खात नाहीत. भक्ष्य कमी पडल्यास मात्र एकमेकांस खाण्यास मागेपुढे पाहत नाहीत!

ब्रह्मदेशातील रंगून शहरात लाल चतुराची पिल्ले घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत सोडून डेंग्यूचा डास आटोक्यात आणण्याचा प्रयोग झाला. त्याचा यशस्वी वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि यावरून घरातील पिंप आठवड्याने रिकामे करून कोरडे करण्याची चाल सोडणे धोक्याचे ठरेल. डासाची वाढ अंड्यापासून सुमारे आठ-दहा दिवसांत पुरी होते; चतुरास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. पिंप घासून कोरडेच करावे. चतुराचा उपयोग जे हौद वरचेवर रिकामे करता येत नाहीत तेथे आहे.

असा हौद स्वच्छ करावयाचा झाल्यास पाणी उपसण्यापूर्वी जुनी चाळण गाळावरून फिरवावी व निघालेली पिल्ले त्याच पाण्याच्या बादलीत ठेवावीत. हौद भरल्यावर ती परत सोडावीत. त्यात अळीनाशक औषध टाकू नये, फवारणीचा पंपही तेथे धुऊ नये. डासांच्या अळ्यांबरोबर पिल्लेही मरतात. पूर्ण वाढ झालेले पिल्लू पाण्याबाहेर चढून कात टाकते व तीतून पंखांचा चतुर निघतो. खरबरीत भिंतीवर ते सहज चढते. गुळगुळीत टाकीत मात्र एखादी वाळकी काठी तिरपी उभी करावी व तिचे टोक पाण्याच्या वर वीतभर ठेवावे. सकाळी काठीवर रिकामी कात चिकटलेली आढळल्यास चतुर उडून गेला असे समजावे.