शास्त्रज्ञ स्वतःहून थांबले तेव्हा

नवा शोध लागला की 'हे करता येईल का?' असे आपण विचारतो. 'हे करावे का?' हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे.

१९७० नंतर एका सजीवाचा डीएनए दुसऱ्याच्या डीएनएला जोडणे शक्य झाले. असे बदललेले जिवाणू प्रयोगशाळेबाहेर पसरले तर? या शंकेने पॉल बर्ग व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये काही प्रयोग थांबवण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० जण चर्चेला जमले. त्यांत वकील व पत्रकारही होते. ठरले असे, की धोका जितका मोठा तितका बंदोबस्त कडक ठेवायचा, शक्यतो बाहेर जगू न शकणारे जिवाणू वापरायचे आणि अतिधोक्याचे प्रयोग तूर्त करायचे नाहीत.

पुढे याच तंत्राने जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र त्या चर्चेचा भर सुरक्षिततेवर होता. माणसाची जनुके बदलावीत का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २०१८ मध्ये चीनमध्ये जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर झाले आणि तो साऱ्या जगापुढे आला.

स्वाध्याय : असे तज्ज्ञ शाळेत आले, तर कोणते दोन प्रश्न विचाराल? घरी पालकांशी बोलून लिहा.