दोन अॅम्प्लिफायरचा हॉर्न स्पीकर : जोडणी आणि तपासणी

मंडपाचे कापड न्यायला साउंडवाले बंधू आमच्या दुकानी येतात, तेव्हा कापडापेक्षा जळालेल्या डायफ्रॅमचीच चर्चा जास्त होते. पेटी स्वतः बनवून ती दोन अॅम्प्लिफायरवर चालवणे हे मोठे हुनर आहे. पण डायफ्रॅम कार्यक्रमाआधी, नुसत्या जोडणीतही जळू शकतो, आणि मग त्या दिवसाची कमाई गेली.

साध्या पेटीत एकच अॅम्प्लिफायर असतो. पेटीतली कॉइल आणि कंडेन्सर खर्जाचा आवाज वूफरकडे व बारीक आवाज हॉर्नकडे पाठवतात. दोन अॅम्प्लिफायरच्या पद्धतीत ही वाटणी अॅम्प्लिफायरच्या आधीच इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर करतो. फायदा असा, की खर्जाचा अॅम्प्लिफायर ताणला जाऊन आवाज फाटला तरी ती फाटकी लाट हॉर्नपर्यंत पोहोचत नाही. मात्र हॉर्नचे युनिट आता थेट अॅम्प्लिफायरला जोडलेले असते, मध्ये आडोसा नाही. खर्जाची वायर चुकून हॉर्नला लागली तर युनिट गेलेच समजा.

म्हणून युनिटला सिरीजमध्ये एक नॉन-पोलर कंडेन्सर लावावा. युनिट 8 ओहमचे आणि वाटणी 1500 हर्ट्झवर असेल, तर 33 मायक्रोफॅरड ठीक. सुमारे 600 हर्ट्झखालचा आवाज तो दाबत जातो आणि बिघडलेल्या अॅम्प्लिफायरमधून येणारा डीसी अडवतो. क्रॉसओव्हरचे काम मात्र त्याच्यावर सोपवू नये.

पहिल्यांदा चालू करताना हॉर्नच्या वायरीला एखादा जुना, टाकाऊ स्पीकर लावून अगदी हळू वाजवावे. त्यात खर्ज ऐकू आला तर वायरी अदलाबदल झाल्या आहेत. चालू करताना मिक्सर, मग क्रॉसओव्हर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी. नाहीतर ‘धप्प’ असा जो धक्का बसतो, तो युनिट सोसते.

हॉर्न तेवढ्याच वॅटमध्ये वूफरपेक्षा सहज 10 डेसिबल मोठा बोलतो, म्हणजे त्याला वूफरच्या दहाव्या हिश्श्याची ताकद पुरते. तेव्हा हॉर्नला मोठा अॅम्प्लिफायर घेणे म्हणजे पैसा वाया. हॉर्नमधून सतत ‘सूं’ येत असेल तर क्रॉसओव्हरपेक्षा अॅम्प्लिफायरचा नॉब खाली करावा. मागून येणारी सगळी सूंसूं त्याने कमी होते.

सगळे वाजते, पण माणसाचा आवाज पोकळ वाटतो, ही तक्रार आम्ही फार ऐकतो. अशा वेळी लोक इक्वलायझर फिरवत बसतात. खरे तर 1500 हर्ट्झची एक लाट जेमतेम 23 सेंटिमीटर लांब असते. हॉर्नचे युनिट वूफरच्या साडेअकरा सेंटिमीटर मागे राहिले की त्या जागी दोघे एकमेकांना कापतात. पेटी मागेपुढे सरकवावी, किंवा क्रॉसओव्हरमध्ये डिले असेल तर वूफरला द्यावा. 34 सेंटिमीटरला 1 मिलिसेकंद. तपासायला हॉर्नच्या दोन वायरी उलट कराव्या. 1500 हर्ट्झचा आवाज एकदम पडला, तर आधीची जोडणी बरोबर होती. वायरी पुन्हा सरळ कराव्या.

‘घों’ असा आवाज आला तर प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढू नये, त्यात जिवाची जोखीम आहे. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावी आणि बॅलन्स्ड केबल वापरावी.

हॉर्न मुका झाला तर अॅम्प्लिफायर बंद करून, वायर सोडवून मल्टिमीटर लावावा. 8 ओहमची कॉइल साधारण 6 ओहम दाखवते. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली आहे. पण नवा डायफ्रॅम बसवण्याआधी त्या अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी येतो का, हे मोजून घ्यावे.