चिरेबंदी : वाड्याचा दगड आणि मुळशीचे पाणी

आधुनिक मराठी साहित्यात ‘वाडा’ हा शब्द बहुधा ऱ्हासाचे चिन्ह म्हणून येतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह त्याची त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये सादर केली. तेव्हापासून या वास्तूचे प्रतीकमूल्य इतके रूढ झाले, की वास्तूकडे पाहण्याचेच राहून गेले. चिरेबंदी म्हणजे अभेद्य, आणि अभेद्याची पडझड म्हणजे सरंजामी व्यवस्थेचा अंत, असे समीकरण वर्गावर्गांतून मांडले जाते. प्रत्यक्ष बांधकाम मात्र त्याला पुरता दुजोरा देत नाही.

घाटमाथ्यावरील वाड्यात दगड सर्वत्र नसतो. तो जोत्यात असतो, बाहेरच्या भिंतींच्या खालच्या भागात असतो, दरवाजाच्या चौकटीभोवती आणि खांबांखालच्या तळखड्यांत असतो. भिंतीच्या दोन्ही अंगांना घडीव चिरे आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व चुन्याची वा मातीची भर, ही तिची सामान्य रचना होय. घाणीत मळलेला चुना जितका मुरलेला, तितका सांधा पक्का. त्यावरचा वाडा मात्र वीट, पांढरी माती आणि लाकूड यांचा. ढाळज ओलांडून चौकात आले, की सोपा, माजघर, माडी हे सारे लाकडी खांब, तुळया आणि कडीपाट यांवर तोललेले दिसते. घराचे माप घेताना जुनी मराठी दगड मोजत नाही. ती खण मोजते, म्हणजे दोन तुळयांमधले अंतर मोजते. माणसे राहतात ती लाकडाच्या मापात. दगड त्यांना जमिनीपासून उचलून धरतो आणि बाहेरच्यांपासून वेगळे करतो.

पुण्याचा शनिवारवाडा याचे ठळक उदाहरण आहे. त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. त्याच्या तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा आहे. दगडी बांधकामाचा मान छत्रपतींचाच, अशी हरकत साताऱ्याहून आल्याने वर वीट वापरावी लागली, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, दगड हा केवळ बांधकामाचा नव्हे तर अधिकाराचाही प्रश्न होता, एवढी लोकसमजूत तिच्यात टिकून आहे. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतील इमारती गेल्या. उरले ते तट, बुरूज आणि जोती. चिरेबंदी वाडा पडतो तो बहुधा असा : आधी छप्पर आणि लाकूड जाते, दगड सर्वांत शेवटी.

‘चिरा’ या शब्दाचा अर्थही घाटाच्या दोन बाजूंना एक नाही. कोकणात चिरा जांभ्याचा. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो. देशावर चिरा म्हणजे काळा पाषाण. तो पाथरवटाच्या छिन्नीशिवाय वाकत नाही, आणि म्हणून त्याची मजुरी सर्वांना परवडणारी नसते. गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’तील (१९५५) खोताचे घर आणि एलकुंचवारांच्या धरणगावकर देशपांड्यांचा वाडा यांना एकाच ‘पडक्या वाड्या’च्या परंपरेत बसवताना हा भेद ध्यानात घेतला जात नाही.

मुळशी खोरे या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहे. ताम्हिणी घाटाकडून येणाऱ्या पावसात मराठवाड्यातील धाब्याचे छप्पर येथे टिकणार नाही. उतरते छप्पर अपरिहार्य. पाषाण मुबलक, तरीही कष्टकरी मावळ्याचे घर दगडाचे नव्हे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, मेढी आणि वासे, एवढ्यावर ते उभे असे. घडीव चिऱ्याचा वाडा हा वतनदाराच्या किंवा सावकाराच्या ऐपतीचा.

टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा दोन्ही प्रकारची घरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी, आणि नंतर राजेंद्र व्होरा यांनी, या लढ्यावर ग्रंथ लिहिले. त्यातून पुढे येणारा अंतर्विरोध येथे महत्त्वाचा आहे. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे गेलेली होती. त्यांचा कल अधिक नुकसानभरपाई मिळवण्याकडे होता, तर कसणाऱ्यांना भरपाईने काही भागणार नव्हते. ‘जान किंवा जमीन’ ही लढ्याची घोषणा होती. तिच्यात घराचा उल्लेख नाही. कुडाचे घर जमिनीच्या आधाराने पुन्हा उभे करता येते. जमीन गेली, की कूड घालायला जागाच उरत नाही.

जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरते तेव्हा तळाशी टिकू शकते ते दगडी जोते. कुडाचे काहीच राहत नाही. वाङ्मयीन स्मृतीतही असेच घडले, असे म्हणण्यास जागा आहे. पडक्या वाड्यावर नाट्यत्रयी होते, कादंबऱ्या होतात. कुडाच्या घराला मराठी साहित्यात वास्तू म्हणून क्वचितच स्थान मिळते. म्हणींची साक्ष मात्र वेगळी आहे. ‘घर फिरले की वासे फिरतात’, ‘घरोघरी मातीच्या चुली’ : येथे वासे आहेत, माती आहे, चिरा नाही.

‘वाडा’ शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा. म्हणून तोच शब्द देशमुखाच्या वाड्यालाही लागतो, गुरांच्या वाड्यालाही आणि महारवाड्यालाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) महारवाडा अभ्यासक्रमात ‘वाडा चिरेबंदी’शेजारी क्वचितच ठेवला जातो, एक ‘दलित आत्मकथन’ या प्रश्नपत्रिकेत, दुसरे ‘नाटक’ या प्रश्नपत्रिकेत. दोन्ही ठिकाणी वाडा हे आधी कुंपण आहे. एकात ते आतल्यांनी चिऱ्यांनी बांधून घेतले, दुसऱ्यात बाहेरच्यांनी एकही चिरा न लावता घातले. देशपांड्यांच्या दारात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. तो वाड्याच्या आत येऊ शकत नाही आणि शेतावरही जात नाही. कुंपणाच्या तोंडाशी, जोत्याच्या खाली, तो थांबलेला आहे.